शुगर नॉर्मल आली, मग गोळी बंद करायची का?

समजा, लोणार तालुक्यातल्या एका गावातल्या ४८ वर्षांच्या काकू आहेत. सोयाबीनच्या सोंगणीत नेहमीपेक्षा जास्त थकवा यायला लागला, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं. आशाताईंनी उपकेंद्रावर तपासणीला नेलं, तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. उपाशीपोटीची शुगर १६८, जेवणानंतर दोन तासांची २५४, एचबीए१सी ८.४. टाइप २ डायबिटीस. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली, गोड आणि चहातली साखर कमी करायला सांगितली.

दीड महिन्यानं काकूंची उपाशीपोटीची शुगर ११८ आली. मुलानं मीटरचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली अभिनंदनाचे अंगठे आले आणि लगेच एक सल्लाही आला, "झाली ना नॉर्मल? मग आता गोळी कशाला? सवय लागेल."

या काकू काल्पनिक आहेत, पण तो सल्ला नाही. डायबिटीस नुकताच कळलेल्या बहुतेक घरांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो कुणीतरी देतंच. नवीन पेशंटच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

११८ हा आकडा कुणामुळे आला?

विहिरीचं खोदकाम चालू असतं तेव्हा तळाला झरे फुटलेले असतात आणि वर मोटर पाणी उपसत असते. मोटर चालू आहे तोवर तळ कोरडा दिसतो. कोरडा दिसला म्हणून मोटर बंद केली, तर सकाळी पुन्हा कंबरभर पाणी. मेटफॉर्मिन ही अशी मोटर आहे.

आपलं यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. झोपेतही मेंदूला आणि हृदयाला इंधन लागतं, त्यासाठी ही सोय आहे. इन्शुलिन या यकृताला आवर घालतं. टाइप २ मध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे यकृत गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहतं. "रात्री नऊनंतर काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर वाढलेली कशी?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं हे काम आटोक्यात आणतं. गोळी थांबवली की काही दिवसांत यकृत पुन्हा जुन्या सवयीवर येतं. म्हणजे ११८ हा गोळी घेऊन आलेला आकडा आहे. आजार गेल्याची ती पावती समजू नका.

अडचण अशी की गोळी बंद केल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. शुगर १८०-२०० पर्यंत गेली तरी माणूस शेतात जातो, लग्नाला जातो. डोळ्यांच्या पडद्यावरच्या, किडनीतल्या आणि पायांच्या नसांच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र तेवढ्यानंही हळूहळू खराब होतात. अंधुक दिसायला लागतं किंवा तळपाय बधिर होतात, तेव्हा मधे काही वर्षं निघून गेलेली असतात.

सवय लागण्याच्या भीतीचं काय? मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे आणि त्याचं व्यसन लागत नाही. चष्मा घातल्यानं डोळ्यांना 'सवय' लागते म्हणण्यासारखंच ते आहे.

"पण ती तर बारीक आहे"

काकू सडपातळ आहेत, उन्हातान्हात राबतात. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना रिपोर्टच चुकला असं वाटतं. या गैरसमजाला उत्तर महाराष्ट्रातूनच मिळालेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्मवेळचं वजन सरासरी २.७ किलो होतं आणि तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून चरबी जास्त, अशी ही शरीराची घडण. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण 'द लॅन्सेट'मध्ये छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

तेव्हा वजनकाट्यावर विसंबून रिपोर्ट खोटा ठरवता येत नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे २०११ मध्ये आलेले आकडे महाराष्ट्रात ८.४ टक्के प्रौढांना डायबिटीस असल्याचं सांगत होते. संपूर्ण देशाचा अंदाज २०२३ मध्ये आला, तो १० कोटी १० लाख लोकांचा. त्यात शेतावर राबणारे भरपूर आहेत.

तीन आकडे, तीन वेगळ्या गोष्टी

उपाशीपोटीची शुगर रात्रीचा हिशोब सांगते. जेवणानंतर दोन तासांची शुगर त्या ताटाचा हिशोब सांगते (दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही). आणि एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, कारण साखर तांबड्या पेशींना चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, आणि ८ म्हणजे १८३.

काकूंचा मुलगा फक्त सकाळची शुगर बघतो. ती ११८ आहे, पण दुपारच्या जेवणानंतर २२० होत असेल तर त्याला कळणारच नाही. उलट "उद्या तपासणी आहे" म्हणून आदल्या दिवशी जेवण कमी केलं, तर उपाशीपोटीचा आकडा सुधारेल, एचबीए१सी मात्र फसणार नाही. ते दर तीन महिन्यांनी, आणि शुगर स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी करतात. औषध सुरू करून महिना झाला आणि लगेच एचबीए१सी केलं, तर त्यात जुने दिवसही मोजले जातात.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आत, हे सर्वसाधारण लक्ष्य असतं. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर ते सैल ठेवतात. गरोदरपणात सगळाच हिशोब वेगळा.

एक गोष्ट विदर्भात विशेष लक्षात ठेवायची. एचबीए१सी तांबड्या पेशींवर अवलंबून असल्यानं पेशींचाच काही आजार असेल तर आकडा चुकतो. लोह कमी पडून झालेल्या ॲनिमियात तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, सिकलसेलमध्ये त्यावर भरवसाच ठेवता येत नाही. घरात सगळ्यांनंतर जेवणाऱ्या बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे, हे वेगळं सांगायला नको. मीटरचे आकडे आणि एचबीए१सी एकमेकांशी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन किती आहे, ते डॉक्टरांना दाखवा.

घरचं मीटर: रोज टोचायचं का?

फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना रोज तीन-तीनदा टोचून घ्यायची सहसा गरज नसते. स्ट्रिप स्वस्त नाहीत, आणि आकडा बघून पुढे काहीच करायचं नसेल तर ती स्ट्रिप वायाच गेली. त्यापेक्षा जोडीनं तपासणं कामाचं. एका जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी. सोमवारी दुपारची ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि पालेभाजी. बुधवारी रात्रीचा भात. शनिवारी पोहे. दोन आकड्यांतला फरक बघायचा. आठवड्याला अशा तीन-चार जोड्या केल्या तरी महिन्याभरात आपल्या शरीराला काय झेपतं आणि काय नाही, हे कुठल्याही छापील डाएट चार्टपेक्षा नेमकं कळतं. भाकरीनं शुगर वाढतच नाही, हा समज तीन भाकरींनंतर मीटर स्वतःच दूर करतं.

ज्यांना ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू आहे, किंवा इन्शुलिन आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जास्त वेळा तपासायचं. कारण त्यांची शुगर फार खालीही जाऊ शकते.

मीटर चुकतंय असं वाटलं तर आधी हात बघा. गूळ फोडलेल्या किंवा आंबा कापलेल्या हातानं टोचलं तर बोटावरचीच साखर मोजली जाते. साबणानं हात धुऊन, पूर्ण पुसून, बोटाच्या कडेला टोचायचं. कडेला दुखतंही कमी. ओल्या हातानं थेंब पातळ होतो.

दुसरा शत्रू ऊन. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांच्या आसपासपर्यंतच ठेवायच्या असतात, नेमकी मर्यादा डबीवर छापलेली असते. लोणारला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. खिडकीत, चुलीजवळ, मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेली डबी काही दिवसांत बिनकामाची होऊ शकते. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथला ओलावा स्ट्रिपला चालत नाही.

आणि मीटर १४२ दाखवतं, लॅब १५५ म्हणते, तर दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. घरगुती मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. त्यामुळे काल १२४ आणि आज १३१ आली म्हणून घरात चर्चासत्र भरवू नये.

गोळ्यांची पिशवी

गोळ्यांत सगळ्यात मोठा घोळ होतो तो दोन ठिकाणची औषधं एकत्र आल्यानं. काकूंना ग्रामीण रुग्णालयातून मेटफॉर्मिन मिळते. मग कुणीतरी मेहकरच्या किंवा जालन्याच्या खासगी डॉक्टरांकडे नेतं. ते विचारतात, "काय चालू आहे?" उत्तर येतं, "एक पांढरी गोळी." डॉक्टर दोन औषधं एकत्र असलेली गोळी लिहून देतात. त्यातही मेटफॉर्मिन असतेच. घरी आल्यावर दोन्ही चालू राहतात, कारण नावं वेगळी, पाकिटं वेगळी. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम असतात. ते वाचायचं काम घरातल्या शिकलेल्या पोरांनी करावं, त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही.

मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतात. सुरुवातीचे काही दिवस पोट बिघडणं, मळमळ, जुलाब होऊ शकतात. बऱ्याच जणांचं ते दोन-तीन आठवड्यांत कमी होतं, आणि नाही झालं तर हळूहळू विरघळणारी, पाकिटावर 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी मिळते. ही गोळी चावून, फोडून घ्यायची नसते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं आणखी लवकर, म्हणून मधून मधून ते तपासावं.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. ती जेवणाच्या किंचित आधी किंवा पहिल्या घासासोबत घेतात. जेवण नसेल तर तिचं काय करायचं, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

शेवटी 'ग्लिप्टिन' असलेल्या गोळ्या सहसा शुगर फार खाली नेत नाहीत. 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी वाढते आणि जननेंद्रियांच्या जागी खाज, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. लाजेपोटी बायका हे सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. सांगितलं तर उपाय सोपा असतो. २०१९ ते २०२५ या काळात व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांची भारतातली पेटंटं संपली आणि या गोळ्या पुष्कळ स्वस्त झाल्या. जुन्या किमती ऐकून घाबरलेल्यांनी पुन्हा चौकशी करायला हरकत नाही.

गोळी विसरली तर? थोड्या वेळात आठवली तर जेवणासोबत घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. उलट्या-जुलाब होत असतील, पोटात पाणीही टिकत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवावी लागू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

कमळजादेवीची पायरी आणि नवरात्राचा उपास

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि शंभर मीटरहून जास्त खोल. तळाशी खाऱ्या सरोवराच्या काठावर कमळजादेवीचं मंदिर, आणि नवरात्रात तिथे यात्रा. नऊ दिवसांचा उपास धरून बायका हा उतार उतरतात आणि पुन्हा चढतात.

समजा काकूंना मधल्या काळात ग्लिमेपिराइडही सुरू झाली आहे. सकाळी गोळी घेतली, पोटात फक्त चहा, आणि दहा वाजता विवरात उतरल्या. गोळीला उपास कळत नाही, ती इन्शुलिन सोडायला लावतेच. चढताना स्नायूही साखर ओढतात. हात थरथरणं, गार घाम, धडधड, एकाएकी भूक, बोलण्यात गोंधळ. यात्रेत हे सगळं "ऊन लागलं" किंवा "अंगात आलं" म्हणून सोडून दिलं जाऊ शकतं.

शुगर ७० च्या खाली गेली, किंवा मीटर हाताशी नाही पण लक्षणं अशी आहेत, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. त्यानंतर काहीतरी खायला. चॉकलेट, पेढा, बिस्किट या वेळी उपयोगाचे नाहीत, त्यातल्या तुपा-मैद्यामुळे साखर उशिरा मिळते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपासाची दुसरी बाजू साबुदाण्याची. साबुदाणा खिचडी, बटाटा, रताळं आणि वर खजूर, म्हणजे शुगर सकाळी तळाला आणि दुपारी आभाळाला. भगर बेताची घेऊन सोबत दाण्याची आमटी, ताक, काकडी असं केलं तर चढ-उतार कमी होतो. उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा. ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून देतात. रमजानच्या रोज्यांनाही हेच लागू आहे. बोटाला टोचून शुगर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमांनी म्हटलेलं आहे.

आणि पाय. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना फोड आलेला कळतही नाही. यात्रेहून आल्यावर तळवे कुणाकडून तरी बघून घ्या.

मग गोळी कधीच बंद होत नाही का?

काहींची होते. ब्रिटनमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात, आजार कळून सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला ८५० कॅलरींच्या आत ठेवलं गेलं. वर्षाअखेरीस त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय आटोक्यात होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. आधीच ५० किलो वजन असलेल्या काकूंना हे गणित जसंच्या तसं लावता येत नाही.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पोहोचवलेली दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत अनेकांनी अवलंबली आहे. वजन कमी झालं तर शुगर सुधारू शकते, यात नवल नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन तेवढंच ठेवून एकदम दोन जेवणांवर येणं म्हणजे वर सांगितलेला यात्रेचाच प्रसंग रोज घरी घडवणं. आधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची, मग जेवण बदलायचं.

डॉक्टरांच्या भाषेत याला 'रेमिशन' म्हणतात. औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं पाहिजे. त्यानंतरही वर्षातून एकदा तपासावं लागतं. "२१ दिवसांत डायबिटीस मुळासकट" अशी रील दिसली, तर एवढं आठवा की डायबिटीस बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला भारतात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

पुढच्या भेटीला काय न्यायचं?

तिशीनंतर कुणालाही उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात शुगर आणि बीपीची तपासणी करून घेता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डायबिटीस कळल्यावर पहिल्याच वर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पायांची तपासणी मागून घ्या.

काकूंच्या मुलानं ग्रुपवर टाकलेला फोटो डॉक्टरांच्या फारसा कामाचा नाही. शाळेची एक जुनी वही पुरते. तारीख, वेळ, काय खाल्लं, गोळी घेतली की राहिली, आकडा किती. गोळी राहिली असेल तर तसं खरं लिहायचं, नाहीतर डॉक्टर मात्रा वाढवून बसतील. वहीसोबत घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत न्या, अर्धी संपलेलीसुद्धा, आणि शेजारणीनं दिलेली जांभळाच्या बियांची पूड असेल तर तीही.